रामीबाईची जागा

घाटाच्या उतारावर पिकअपनं शेपूट हलवलं, आणि ते सगळ्यांत आधी रामीबाईला कळलं. कळणारच. तिचा लेक राजकुमार पुढे केबिनमध्ये गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी टोळीतले दोन बाप्ये मांडीला मांडी लावून बसले होते, आणि बाकीची टोळी मागच्या उघड्या हौद्यात. त्या हौद्यातही अगदी शेवटी, मागच्या फाळक्याला टेकून रामीबाईची जागा. तिच्या पाठीमागे चार हातांवर, गाडीच्या हुकाला अडकवून ओढत आणलेलं काँक्रीट कालवायचं मशीन. दोन रांजण सहज मावतील एवढा ड्रम, त्याचं इंजिन, आणि माल वरच्या मजल्यावर चढवणाऱ्या लिफ्टचा आडवा पाडलेला खांब. त्या मशीननं आधी डावीकडे ओढ घेतली, मग उजवीकडे, आणि गाडीची मागची बाजू त्याच्यामागे फरफटत गेली. राजकुमारनं घाबरून ब्रेक दाबला नाही, नुसती गती सोडली आणि स्टेअरिंग घट्ट धरलं, म्हणून निभावलं. दहा आकडे मोजायच्या आत सगळं आटोपलं होतं.

मग हौद्यातल्या बायांना कंठ फुटला. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी राजकुमारच्या सात पिढ्यांचं, आणि भीती उतरल्यावर माणसं हसतात तशा सगळ्या खिदळायला लागल्या. हसल्या नाहीत फक्त दोघी. एक राजकुमारची बायको वर्षा. उमरखेडला पोचल्यावर तिनं हौद्यातून उडी मारली आणि नवऱ्याला चारचौघांत सांगितलं, "गाडी सरळ केल्याबिगर मी इच्यात बसत नाई. लिहून घे."

दुसरी रामीबाई. तिनं काही सांगितलं नाही, कारण दुखण्यानं तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. त्या हिसक्यात कंबरेत अशी कळ गेली होती की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

कंबर काही त्या दिवशीच धरली नव्हती. दिवाळीपासून दुखत होती. दुखणं अंगावर काढण्यात साऱ्या तांड्यात रामीबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. गंमत म्हणजे चालताना ती कंबर गुमान असायची, डोक्यावर वजन घेऊन शिडी चढतानाही फारशी कुरकुरायची नाही. तिचं वैर होतं ते बसण्याशी, आणि बसल्या बसल्या आदळण्याशी. पुसदकडच्या त्यांच्या तांड्यापासून कामावर जायला कधी पंधरा कोस, कधी वीस. रस्त्यातला एकही खड्डा असा नव्हता की जो रामीबाईच्या मणक्याला ओळखत नव्हता.

आता कोणी शहाणा विचारील की बाई, मग सांगायला काय झालं होतं? तर सांगायला धनीबाई झाली होती.

धनीबाई त्याच तांड्यातली, त्याच टोळीतली. दोन वर्षांमागे तिची पाठ गेली. मुलं चांगली होती, मायाळू होती. आईला म्हणाली, याडी, लय केलं, आता आराम कर. झालं. धनीबाई दाराशेजारच्या ओट्यावर बसली ती बसलीच. संध्याकाळी टोळी परत आली की ओट्यावरून विचारायची, "आज केवढा टाकला वं स्लॅब?" सुरुवातीला बाया थांबून सांगायच्या. मग चालता चालता सांगायला लागल्या. आता नुसता हात हलवतात. रामीबाईनं घाटाची भीती कधी बाळगली नाही, पण त्या ओट्याची तिला धडकी भरायची.

त्यात रामीबाई म्हणजे टोळीतली कोणी आलीगेली नव्हे. तिच्या नवऱ्यानं, लालसिंगनं ही टोळी बांधली तेव्हा मशीनच नव्हतं. पत्र्यावर फावड्यानं माल कालवायचा आणि बायांच्या रांगेनं घमेली वर पोचवायची. त्या रांगेचं पहिलं टोक रामीबाई. लालसिंग गेला, राजकुमारनं मशीन घेतलं, लिफ्ट आली, रांग मोडली. पण एक रीत राहिली. नारळ फुटला की ड्रममधला पहिला माल लिफ्टमध्ये पडत नाही. तो रामीबाईच्या घमेल्यात पडतो. ते डोक्यावर घेऊन ती स्वतः वर जाते, कोपऱ्यातल्या खांबाच्या डोक्यावर ओतते, आणि मग मशीन धडधडायला लागतं. अकरा माणसांच्या टोळीत ह्या गोष्टीवर कधी चर्चा झाली नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो ह्यावर कोण चर्चा करतो?

तर गाडी सरळ करायची होती. राजकुमारनं पुसदच्या शाम मिस्त्रीला फोन लावला. मागच्या चाकांवर जे एकावर एक रचलेले कमानीसारखे लोखंडी पाटे असतात, ज्यांच्यावर गाडीचा सगळा भार झुलतो, ते पाटे घडवण्यात आणि भरण्यात शामची हयात गेली होती. शामनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"रिकामी आणू नको. जशी कामाले जाते तशी आण. मशीनसकट, माणसायसकट."

त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सगळी टोळी अंघोळी करून, ठेवणीतल्या साड्या नेसून, मशीन मागे लावून पुसदला निघाली. पाहणाऱ्याला वाटावं, वऱ्हाडच चाललंय आणि नवरदेव म्हणून मिक्सर घेतलाय. वर्षा मात्र बोलल्याप्रमाणे हौद्यात बसली नाही. ती फाट्यावर जाऊन येष्टीनं आली. टोळी पोचली तेव्हा ती शामच्या दुकानापुढच्या स्टुलावर बसून आरामात चहा पीत होती.

शाम मिस्त्री पन्नाशीचा, काटकुळा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. गाडी आली तरी तो आधी गाडीकडे गेला नाही. फाळका उघडला आणि माणसं कशी उतरतात ते बघत उभा राहिला. मग "चढा वापस, सगळे आपापल्या जागेवर" म्हणाला, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप लावून माप घेतलं. पुढे घेतलं, मागे घेतलं, मशीन सोडून घेतलं, जोडून घेतलं.

"मागून चार बोटं बसली गाडी, पुढून दोन बोटं उचलली," तो राजकुमारला म्हणाला. "लाइट झाडावरच्या घुबडाले दाखवतो काय बे? पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग ऐकत नाई. म्हणून डुलली ते घाटात." मग तो मशीनच्या पुढच्या दांड्यापाशी गेला, जो हुकात अडकतो. त्या दांड्यावर टोळीनं आपला सगळा संसार रचला होता: फावडी, फळ्या, पाण्याचे दोन ड्रम, घमेल्यांची चळत. "अन् हे काय? हे सारं हुकावर दाबते. हे उचलून मशीनच्या चाकायवर ठेवा. अर्धा आजार इथंच हाय."

"अन् बाकीचा अर्धा?" राजकुमारनं विचारलं.

बाकीच्या अर्ध्यासाठी शामनं जमिनीवर दोन जाड पाटे आणून टाकले. हे वाढवले तर मागची बाजू बसणार नाही, मशीन कितीही ओढलं तरी गाडी ताठ राहील. तेवढ्यात शेजारच्या दुकानातला विक्की आला. गाड्यांचं सजावटीचं सामान विकता विकता तो अलीकडे नव्या नव्या वस्तूही ठेवायला लागला होता. त्याच्या हातात काळ्या रबराचे दोन जाड फुगे होते.

"राजूभाऊ, पाटे कायले टाकता? हे घ्या ना, हवेचे. आसाच्यावर बसवाचे. लोड असला की हवा भरा, खाली झाली की सोडून द्या. मागं बसणाऱ्याले एकदम मख्खन!"

मख्खन हा शब्द ऐकल्याबरोबर रामीबाईचे कान उभे राहिले.

"फुगा वाईट नाई," शाम म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "शहरातल्या रस्त्याले मी बी तेच सांगतलं असतं. पण हे लोकं बांधकामावर जाते. तिथं गिट्टी, तिथं सळया. एका बाजूचा फुगा गेला तं गाडी भरल्या मशीनसंगं एका कुशीवर होते."

"दोन पाटे टाका," राजकुमार म्हणाला. "जाडवाले."

"दोन टाकले तं मशीन डुलणार नाई. पण गाडी दगडासारखी होईन. मागं बसणारायचं काय?"

"मागं बसणारे मजबूत हायेत!" राजकुमार हसून म्हणाला. हौद्यातल्या सगळ्या बाया हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली रामीबाई.

हसून झाल्यावर ती हळूच खाली उतरली आणि तिनं आपलं घोडं पुढे दामटलं. "पण मी काय म्हणतो, फुगे बी पाहाले काय जाते? आपल्या डब्ब्यातलं वरण सांडते ना रोज."

"डब्बे केबिनमंदी ठेवू याडी."

"पाण्याच्या कॅनचं बूच उडते."

"नवं बूच आणू."

"वर्षाच्या मोबाइलची काच तडकली मागच्या खेपेले."

"तो मोबाइल माह्या हातून पडला होता, चुलीपाशी," वर्षा स्टुलावरून म्हणाली, आणि सासूकडे जरा निरखून पाहू लागली.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवणार? रामीबाईला घाटातला तो उतार आठवला. मशीन डावीकडे गेलं तेव्हा पलीकडे कठडा नव्हता, नुसती दरी होती, आणि हौद्यात सात बाया होत्या. त्यातल्या दोघींची लेकरं अजून अंगावर पीत होती. आपली एक कंबर एका बाजूला आणि ह्या सगळ्या दुसऱ्या बाजूला. हा काही फार मोठा हिशेब नव्हता. तिला रडू येईल असं वाटलं, पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "टाक. दोन टाक. घट्टच टाक."

शाम मिस्त्री चष्मा पुसत होता. तो म्हणाला, "मागच्या फाळक्यापाशी कोण बसते?"

"याडी," राजकुमार म्हणाला. "तिची जागा हाय ते. पहिल्यापासून."

"तू बसला कधी तिथं?"

"मी? मी तं गाडी चालवतो ना."

"आज बस. तुह्या बायकोजवळ लायसन हाय म्हणत होती ते. तिले चालवू दे. नाक्यापर्यंत जाऊन या, मशीन लावूनच. हळूहळू. अन् मातीच्या बाजूनं या वापस. टेप अर्धंच सांगते, बाकीचं बसल्याबिगर समजत नाई."

रामीबाई लगबगीनं पुढे झाली. "त्याले कायले बसवता? त्याले सवय नाई मागची. थांबा, माही पोतडी राह्यली तिथं." ती फाळक्याकडे निघालीसुद्धा. पण चढायला तिला वेळ लागायचा, आणि राजकुमार एका उडीत तिच्या जागेवर जाऊन बसला होता. वर्षा इतक्या झटक्यानं केबिनमध्ये चढली की जणू लग्नापासून ह्याच घडीची वाट पाहत होती. बाया ओरडल्या, "धीरे वं माय!" आणि पिकअप नाक्याच्या दिशेनं निघाली.

रामीबाई स्टुलावर टेकली. शामनं तिच्या हातात चहाचा कप दिला.

"मावशी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"साऱ्या बाया उडी मारून उतरल्या. तुम्ही गाडीकडं तोंड करून, दोन्ही हातानं धरून उतरल्या. मी तीस वर्षं पाटेच पाहून राह्यलो. वरून सारं बराबर दिसते, अन् मधात चीर गेली राह्यते."

रामीबाईनं कप तोंडाला लावला नाही. "त्याले सांगू नका."

"मी कायले सांगू? गाडी सांगन."

"त्याले समजलं तं तो मले घरी बसवन. माया करन अन् घरी बसवन. मिस्त्री, तुम्हाले ठाऊक नाई, माया करूनच बसवते सारे." शामनं दुसऱ्याच गाडीच्या कामाचा पाना उचलला आणि उगाच खाली ठेवला.

गाडी परत यायला अर्धा तास लागला. वर्षाचा चेहरा फुललेला होता. हौद्यातल्या बाया तिच्या चालवण्याचं कौतुक करत धपाधप उतरल्या. राजकुमार उतरला नाही. तो फाळक्यापाशी तसाच बसून राहिला. मग उठला, आणि गाडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून, एक एक पाय खाली टाकत उतरला. त्याच्या हातात लुगड्याच्या काठाचा एक घट्ट पीळ होता, फासासारखा बांधलेला.

तो पीळ रामीबाईनं कार्तिकातच बांधला होता. हौद्याच्या बाजूच्या लोखंडी दांडीला, पोत्याखाली, कोणाला दिसणार नाही असा. खड्डा आला की त्यात हात अडकवायचा आणि सगळं अंग वर ओढून धरायचं, म्हणजे बूड टेकत नाही आणि मणका आदळत नाही. जायचे पंधरा कोस आणि यायचे पंधरा कोस ती अशी लोंबकळत असे. दांडीचा तेवढा रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं. राजकुमारनं नाक्यापर्यंतच तो वापरला होता, आणि त्याच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

"याडी, हे कायचं?"

रामीबाई तो पीळ घ्यायला पुढे झाली, पण त्यानं सोडला नाही.

"कधीपासून?"

"दिवाळी."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू मले घरी बसवलं असतं."

आणि खरंच, अगदी तेच राजकुमारच्या ओठावर आलं होतं. याडी, आता तू आराम कर. रामीबाईनं ते शब्द त्याच्या तोंडावर वाचले. लेकाच्या तोंडावरचं आई वाचते, त्याला शाळा लागत नाही.

"बरं," तो म्हणाला. "उद्यापासून तू केबिनमंदी बस. माह्या बाजूले."

"अन् ह्या साहाजणी मागं आपटतीन, अन् मी पुढं बसून काचातून रस्ता पाहू? नाई जमत. ह्यायच्या बी कंबराच हायेत, लोखंड नाई."

राजकुमार एका जुन्या टायरवर बसला. गाडी घेतल्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षं त्यानं तेल बदललं, टायर बदलले, इंजिनाचा आवाज जरा वेगळा आला तरी रात्रभर त्याचा डोळा लागत नसे. आणि मागच्या फाळक्यापाशी काय चाललंय हे त्याला आरशातसुद्धा दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. "शामभाऊ," तो म्हणाला, "असा पाटा सांगा, मशीनले बी पुरन अन् माणसायले बी."

"असा पाटा अजून कोणी घडवला नाई," शाम म्हणाला. "मशीनले कडक लागते, माणसाले नरम. दोघं एका गाडीत नाई बसत. अन् खरं सांगू? हौद्यात माणसं बसवाची गाडी नाई हे. कायद्यानंबी नाई. मी दोन पाटे टाकीन, गाडी वाकताना दिसणार नाई. पण वझं तेवढंच राह्यते. ब्रेक तेच, टायर तेच. घाटात पुन्हा डुलली तं पाटा कोणाले धरत नाई. माणसं उतरली, सामान मशीनच्या चाकायवर गेलं, तं तुले एकच पाटा पुरते."

"माणसं उतरवून कुठी ठेवू?"

"येष्टीत," वर्षा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी नाई आली सकाळी? तुमच्या आधी पोचली. सीटवर बसून आली, खिडकीपाशी. आपल्याले अर्धं तिकीट हाय ना, साऱ्या बायायले. दोन बाप्ये तुमच्या केबिनमंदी. आपण साती जणी येष्टीनं."

"अन् मले?" हौद्यात बसणारा एकुलता एक बाप्या, पूनमसिंग, कळवळून म्हणाला.

"तुले फुल तिकीट!" सहा तोंडांतून एकदम आलं, आणि शाम मिस्त्रीसुद्धा हसला.

राजकुमार हसला नाही. तो हाताचा वळ चोळत बसला होता. येष्टी आठनंतर निघते. म्हणजे उमरखेडला नऊ. म्हणजे रोज दीड-दोन तासांचं नुकसान, आणि घरमालक काही वाट पाहायला जन्माला येत नाहीत. हे सगळं रामीबाईलाही त्याच्या तोंडावर दिसत होतं. अखेर तो उठला.

"एकच पाटा टाका, शामभाऊ," तो म्हणाला. लुगड्याचा पीळ त्यानं फेकला नाही. घडी करून खिशात ठेवला.

मधल्या दिवसांत राजकुमारनं आईला डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं कंबरेला पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि आदळणं बंद म्हणून बजावलं. उचला, पण अर्धं उचला, असंही तो म्हणाला. आणि पुढच्या आठवड्यात उमरखेडचं काम आलं: नंदकिशोर नावाच्या, कोषागारातून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या घराचा वरचा मजला.

सकाळी सहाला राजकुमार मशीन घेऊन पुढे गेला. गाडी अशी सरळ चालली होती की तांड्यातली पोरं बघत उभी राहिली. बाया फाट्यावर आल्या, येष्टी आली, आणि ज्यांनी जन्मात कधी कामाला जाताना सीट पाहिली नव्हती त्या साती जणी राणीसारख्या जाऊन बसल्या. रामीबाईनं येष्टीचं मागचं बाक टाळलं. तेवढी ती शहाणी होती. पुढे, ड्रायव्हरच्या पाठीमागे तिला जागा मिळाली. पट्टा बांधलेली कंबर टेकली, आणि तिच्या ध्यानात आलं की खड्डा येऊन गेला आणि आपण हात वर केला नाही.

सुख म्हणावं तर ते हेच होतं. पण सुखानं बसल्यावर माणसाला विचार सुचतात, हे एक वाईट. मागे वर्षा आणि बाया खिदळत होत्या, पूनमसिंगच्या फुल तिकिटावरून त्याचा जीव खात होत्या. रामीबाई खिडकीतून कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या बघत होती आणि मोजत होती. मशीन सातला पोचलं असेल. तिघं बाप्ये तिथं आहेत. उमरखेडच्या चौकात सकाळी रोजानं माणसं मिळतात. मालक म्हणेल, दोन माणसं घ्या आणि करा सुरू, ऊन चढतंय. त्यात मालकाचं काय चुकलं? राजकुमार नारळ फोडेल. पहिला माल लिफ्टमध्ये पडेल. लिफ्टला काय, ती कोणाचंही घमेलं वर नेते. आज पहिलं घमेलं गेलं. उद्या म्हणतील, याडी, येष्टीचा त्रास कायले? परवा ओटा. धनीबाईलाही कोणी एका दिवसात बसवलं नव्हतं.

त्यात पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला, कुठे मेंढरं आली, आणि येष्टी उमरखेडच्या स्टँडवर लागली तेव्हा सव्वानऊ झाले होते.

रामीबाई सगळ्यांत आधी उतरली आणि चालायला लागली. चालण्याशी कंबरेचं वैर नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी तिनं जुमानलं नसतं. बाया मागून ओरडत होत्या, "अवो धीरे, स्लॅब पळून नाई जात!" तिला वाटत होतं, तेवढाच पळून जातो.

गल्लीच्या तोंडाशी आली आणि ती थबकली. मशीनचा आवाज येत नव्हता. आवाज येत होता तो नंदकिशोरांचा.

"अहो राजकुमार, मशीन येऊन दोन तास झाले. सिमेंट इथे, रेती इथे, पाणी इथे. तीन माणसं तुमची, दोन मी चौकातून आणली. ऊन बघा किती चढलं! मुहूर्त टळून गेला, आता तरी सुरू करा. कशासाठी थांबलाय?"

राजकुमार ड्रमला टेकून उभा होता. कपाळावर घाम होता, आणि माणूस बराच वेळ बोलणी खात उभा असला की दिसतो तसा दिसत होता.

"जरासं थांबा काका," तो म्हणाला. "पहिलं घमेलं येष्टीनं येऊन राह्यलं."

"घमेलं? अहो, घमेल्यांची ही चळत पडली आहे इथे!"

"ते दुसरे हायेत," राजकुमार म्हणाला.

रामीबाई भिंतीच्या आडोशाला तशीच उभी राहिली. डोळे पुसायला तिला पदर सापडेना, कारण तो तिनं चालताना कंबरेला खोचला होता, पट्ट्यावर. मग हातानंच पुसले आणि पुढे गेली. पिकअप दारात सरळ उभी होती. केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर, आदळू नये म्हणून लुगड्याच्या पिळानं बांधून आणलेलं तिचं घमेलं होतं.

तिनं गाठ सोडली, घमेलं काखेत मारलं आणि लेकाला म्हणाली, "पाहून काय राह्यला? फोड नारळ. अन् अर्धंच भरजो, डॉक्टरनं सांगतलं हाय."